वाचक विचारतात : माओरी मोको, यात्रेतलं मशीन आणि आजीचं गोंदण

सारंगखेड्याच्या यात्रेतल्या गोंदणाबद्दल या पानावर लिहिलं, त्यावर पत्रं आली ती मात्र बरीचशी माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या टॅटूची. दंडावर, खांद्यावर तसला काळा टॅटू असलेली पोरं आता जळगाव-धुळ्यातच काय, तालुक्याच्या गावीही दिसतात. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

भुसावळच्या टॅटूवाल्याच्या अल्बममध्ये 'माओरी बँड' म्हणून दंडाभोवतीची जाड, टोकदार काळी पट्टी दाखवतात. ती खरंच माओरी असते का? – एक वाचक, भुसावळ

बहुतेक वेळा नसते. काट्यासारखी टोकं असलेली, ज्वाळेसारखी वळणारी पट्टी १९९० च्या दशकात पाश्चात्त्य दुकानांतून 'ट्रायबल' या नावानं जगभर पसरली. तिचं मूळ बरंचसं बोर्निओ बेटाकडचं. अल्बमवाले तिला माओरी, सामोअन, पॉलिनेशियन, जे गिऱ्हाईक मागेल ते म्हणतात.

ओळखायचं असेल तर आधी वळणं बघा. माओरी नक्षीचा जीव 'कोरू'त असतो. नेच्याचं पान उलगडण्याआधी गोगलगायीसारखं गुंडाळलेलं असतं, तो आकार म्हणजे कोरू. पावसाळ्यात तोरणमाळच्या कड्याकपारीतले नेचे पाहिले असतील तर लगेच लक्षात येईल. शेजारी शेजारी धावणाऱ्या समांतर रेषा आणि त्यातून सुटणारी सर्पिलं ही दुसरी खूण. अनेकदा कोरू काळा नसतोच. भोवताली काळं भरलेलं असतं आणि कोरू कोऱ्या कातडीचा राहतो. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांच्या कामात सरळ रेषा, त्रिकोण आणि बारीक दात्यांच्या रांगा जास्त. मार्केसास बेटांच्या कामात चौकटी-चौकटीत बसवलेली माणसं, डोळे, मूर्तींचे चेहरे. एकाच पट्टीत हे सगळं दिसलं तर ती इंटरनेटवरची खिचडी समजावी.

मापाचंही सांगून ठेवतो. शाई वर्षागणिक कातडीत थोडी पसरतेच. दोन काळ्या रेषांमधली कोरी जागा निदान दोन-तीन मिलिमीटर नसेल तर आठ-दहा वर्षांत ती बुजते. मनगटावरच्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीत सहा कोरू बसवून मागणारे पुढे काळं कडं घालून फिरतात.

न्यूझीलंडच्या एका मंत्रीणबाईंच्या हनुवटीवर गोंदण पाहिलं. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवर ठिपका असतो, त्यातलाच हा प्रकार का? – एक शिक्षिका, अमळनेर

तुम्ही नानाया माहुता यांना पाहिलं असणार. त्यांनी २०१६ साली हनुवटीवर मोको, म्हणजे माओरींचं पारंपरिक गोंदण, घेतला, तेव्हा त्या खासदार होत्या. २०२० मध्ये त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. ओरीनी काइपारा या वृत्तनिवेदिकेनं २०२१ च्या अखेरीस असाच मोको मिरवत तिथल्या मुख्य वेळेच्या बातम्या दिल्या.

आपल्याकडचा हनुवटीचा ठिपका रूपासाठी आणि नजर लागू नये म्हणून. बायकांच्या ओठांवर आणि हनुवटीवर असतो त्या मोकोला 'मोको काउआए' म्हणतात. तो वंशाचा दाखला असतो. वंशावळीला माओरी भाषेत 'फाकापापा' असा शब्द आहे. कोणत्या कुळातली, कोणत्या टोळीतली, आईकडून काय आलं, बापाकडून काय आलं, हे त्या रेषांत येतं. पुरुषाचा पूर्ण चेहऱ्याचा मोको म्हणजे 'माताओरा', आणि कंबरेखाली नितंब-मांड्यांवरचा 'पुहोरो'. पूर्वी सरदार मंडळी कागदावर सहीऐवजी आपल्या चेहऱ्यावरच्या मोकोचा तुकडा काढायची. ब्रिटिशांशी झालेल्या १८४० च्या वाइतांगी करारावर अशा खुणा आहेत. आरशाशिवाय स्वतःच्या चेहऱ्याची नक्षी हातानं काढता येणं ही साधी गोष्ट नाही. ती पाठच असावी लागते.

'माताओरा' हे नाव ज्याच्यावरून पडलं त्याची कथा तुमच्या वर्गात सांगण्यासारखी आहे. माताओरानं बायकोवर हात उचलला. निवारेका तडक माहेरी निघून गेली. माहेर होतं पाताळात, रारोहेंगा नावाच्या लोकात. नवरा मागोमाग गेला, तर सासरा उएतोंगा एकाचा चेहरा गोंदत बसलेला. त्यानं जावयाच्या तोंडावरची नुसती रंगवलेली नक्षी हातानं पुसून टाकली. मग माताओरानं खरा मोको सोसून घेतला, बायकोची समजूत घातली आणि ती विद्या घेऊन वर आला.

मधल्या काळात हे जवळजवळ संपलं होतं. पुरुषांचे चेहरे कोरणं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबलं. बायकांनी हनुवटीचा मोको विसाव्या शतकातही टिकवला. १९०७ च्या एका कायद्यानं तर 'तोहुंगा' म्हणजे पारंपरिक जाणकारांच्या कामावरच बंदी आणली. तो कायदा १९६२ मध्ये रद्द झाला. पुढे १९८० च्या दशकापासून माओरी भाषेची चळवळ जोरात आली, तिच्या हाताला धरून मोकोही परतला. २००० साली मोको कोरणाऱ्यांनी 'ते उही आ माताओरा' ही स्वतःची संघटना काढली.

मी माओरी नाही हे उघडच आहे. तरी खांद्यापासून कोपरापर्यंत तसं काम करून घेतलं तर चुकीचं ठरेल का? – एक वाचक, शिरपूर

शैली घेतली म्हणून कोणी अडवणार नाही. पण दुसऱ्याचा मोको उचलला तर ते चुकीचं आहेच. दुसऱ्याचा सातबारा छान दिसतो म्हणून त्याची झेरॉक्स काढून आपल्या घरात फ्रेम करून लावण्यासारखं ते आहे. आणि अल्बममधले, मोबाइलमधले पुष्कळ 'माओरी डिझाइन' हे कोणातरी जिवंत किंवा गेलेल्या माणसाच्या फोटोवरून उतरवलेले असतात.

यावर तोडगा माओरी कलाकारांनीच काढलाय. वंशाचा दाखला नसलेलं, माओरी नसलेल्या माणसासाठी त्याच शैलीत नव्यानं रचलेलं काम म्हणजे 'किरितुही'. किरी म्हणजे कातडी, तुही म्हणजे लिहिणं. चेहरा मात्र सोडायचा. हनुवटी आणि तोंडावरचं काम माओरी नसलेल्यानं घेऊ नये, असा तिथल्या बहुतेकांचा आग्रह असतो. आम्हालाही तो रास्त वाटतो.

टॅटूवाल्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, नक्षी कुठून आली. "नेटवरून" असं उत्तर आलं तर तुमच्यासाठी नवीन रचून मागा. दुसरी, तो दंडावर मार्करनं थेट काढतो की सपाट कागदाचा छाप डकवतो. खांदा गोल, दंड निमुळता. सपाट कागदावरचं सर्पिल तिथे चिकटवलं की अंड्यासारखं लांबतं, हात वळवला की रेष तुटते. म्हणूनच जाणते कारागीर स्नायूच्या वळणानं हातानंच आखतात, तुम्हाला उभं करून, हात खाली सोडायला लावून. आखणीलाच तास-दीड तास गेला तर कुरकुर करू नका.

मोको पूर्वी नक्की कशानं करायचे? आपल्या गोंदणाऱ्या बाईसारख्याच सुया होत्या का? – एक वाचक, यावल

सुया नव्हत्या, छिन्नी होती. मोको इतर सगळ्या गोंदणांपासून वेगळा पडतो तो इथेच.

आपल्याकडे चार-पाच सुया दोऱ्यानं एकत्र बांधायच्या, दिव्याचं काजळ कुठे पाल्याच्या रसात तर कुठे बाळंतिणीच्या दुधात कालवायचं, ते कातडीवर लावून वरून टोचायचं किंवा सुया त्यात बुडवून टोचायच्या. कातडीला भोकं पडतात, काजळ आत राहतं, वरची कातडी सपाटच राहते. माओरींच्या अवजाराचं नाव 'उही'. अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं हाड घासून बोटाच्या पेराएवढं धारदार पातं करायचं. ते लाकडी मुठीला काटकोनात बांधायचं, सुताराच्या वाकसासारखं. पातं कातडीवर टेकवून मुठीवर छोट्या दांडक्यानं ठोके द्यायचे. पुढे गोरे आले तसं लोखंडही वापरात आलं.

पातं दोन तऱ्हेचं. सरळ धारेचं कातडीत चर पाडायचं. दातेरी पातं रंगात बुडवून त्याच चरावर पुन्हा ठोकायचं. त्यामुळे जुन्या मोकोवर बोट फिरवलं तर लाकडावरच्या कोरीवकामासारख्या खोबणी हाताला लागत. ताहिती-सामोआकडे दातेरी पातंच वापरत, म्हणून तिकडची कातडी सपाट. 'टॅटू' हा शब्द ताहितीच्या 'तातौ'वरून आला, पण मोको त्या शब्दात पुरता मावत नाही.

काम असं चाले. माणूस आडवा, डोकं तोहुंगाच्या गुडघ्यांशी. आधी कोळशानं आखणी. मग ठोके, आणि प्रत्येक ठोक्यानंतर अंबाडीसारख्या एका झाडाच्या वाखानं रक्त टिपायचं. रक्त टिपलं नाही तर रेष दिसत नाही, रंगही वाहून जातो. दुखणं सोसावं म्हणून सोबतीला गाणी म्हणत. ओठ, गाल सुजून तोंड उघडेनासं झालं की लाकडी कोरीव नरसाळ्यातून पातळ अन्न तोंडात सोडत. त्या नरसाळ्याला 'कोरेरे' म्हणत. त्या दिवसांत माणूस 'तापू', म्हणजे आपल्या सोवळ्यासारखा, म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं अन्नाला शिवायचंही नाही. यात श्रद्धा होती, आणि उघड्या जखमेला खरकटा हात लागत नसे हा फायदाही. सुजेवर काराका झाडाची पानं ठेवत. चेहरा एका बैठकीत पुरा होत नसे. सूज उतरली की पुढचा भाग, असं महिने-वर्षं चाले.

रंग काजळीचाच. कौरी झाडाचा डिंक जाळून धरलेली काजळी चरबीत कालवत. दुसरा माल ऐकायला चमत्कारिक आहे. 'आफेतो' नावाच्या, जमिनीत राहणाऱ्या सुरवंटाला एक बुरशी आतून पोखरते आणि तो वाळक्या काटकीसारखा होतो. तो जाळून त्याची पूड करत.

आता बहुतेक मोको मशीननंच होतात. उही चालवणारे थोडे आहेत, पण आहेत.

यात्रेत दीडशे-दोनशे रुपयांत टॅटू होतो. सुई बदलतो असं तो सांगतो. मग काढायला काय हरकत? – एक वाचक, शहादा

सुई बदलली तरी शाईची डबी तीच असते. आधीच्या गिऱ्हाइकाचं रक्त लागलेली सुई डबीत बुडाली की रक्त डबीत. नवी सुई त्याच डबीत बुडवून तुमच्या हातात. काविळीचा हिपॅटायटिस बी विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोकाही याच वाटेनं येतो. स्पिरिटनं पुसणं किंवा उकळत्या पाण्यात सुई बुडवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. त्याला ऑटोक्लेव्ह हे दाबाखालच्या वाफेचं यंत्र लागतं, १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबावर निदान १५ ते २० मिनिटं.

खुर्चीत बसण्याआधी एवढं डोळ्यांनी बघा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं का, आणि त्यावरची तारीख गेलेली नाही ना. शाई बाटलीतून बोटाच्या टोकाएवढ्या नव्या टोपणात ओतली का, आणि काम झाल्यावर ती टोपणं फेकली का. त्याच हातमोज्यानं त्यानं मोबाइल उचलला, सुटे पैसे दिले, तर हातमोजे बदलायला सांगा. लाजू नका. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर आधी घ्या. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

घाईच्या हाताचा आणखी एक दोष. सुई साधारण दीड-दोन मिलिमीटर खोल जायला हवी. उथळ राहिली तर रंग खपलीबरोबर निघून जातो. जास्त खोल गेली तर शाई कातडीखाली फुटते आणि रेषेच्या कडेला निळसर डाग धरतो, टीपकागदावर शाई पसरावी तसा. हा दोष नंतर सहजासहजी दुरुस्त होत नाही.

मुलांना सुई नको म्हणून 'काळी मेंदी' काढून देता, तीही नको. खरी मेंदी काळी नसते आणि रंगायला तास लागतात. अर्ध्या तासात काळीकुट्ट होते त्या मेंदीत केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असू शकतं. त्यानं फोड येतात, आणि एकदा वावडं जडलं की पुढे आयुष्यभर कलप लावणं अवघड.

केळीचं काम असतं. टॅटू कधी काढावा, नंतर काय पाळावं? – एक शेतकरी, रावेर

एप्रिल-मे सोडून द्या. पारा ४४-४५ ला टेकतो, घामानं पट्टी सुटते, खपली ओली राहून उचकटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, पण केळी काढणीतून आणि कापूस वेचणीतून निदान दोन आठवडे मोकळे असाल तेव्हाच. केळीचा चीक शर्टावर पडला तर डाग जात नाही हे तुम्हाला सांगायला नको. तो ताज्या जखमेवर पडला तर आग होते, आणि डाग घासून काढायच्या नादात खपली निघते. वाळलेल्या बोंडांची टोकं मनगट ओरबाडतात ते वेगळंच. फवारणीपासून तर पूर्ण लांब राहा.

जखम सांभाळायची ती अशी. पट्टी टॅटूवाल्यानं सांगितलेल्या वेळी काढा, हात साबणानं धुऊन. कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण, दिवसातून दोनदा, तळहातानं. घासणी नको. स्वच्छ कागदी रुमालानं टिपायचं, गमछ्यानं नाही. मलम इतकं पातळ की कातडी नुसती चमकावी. जाड थर दिला की खपली भिजते आणि रंगाचा पापुद्रा घेऊनच निघते. घरातली मंडळी हळद लावायला सांगतील. भाजीतली हळद निर्जंतुक नसते, ती नको. चौथ्या दिवसापासून साल सुटायला लागते, खाज येते. नखं लावायची नाहीत, वरून थापटायचं. दोन-तीन आठवडे तापीत, विहिरीत, टाकीत पोहणं बंद, महिनाभर ऊन बंद, पूर्ण बाहीचा सुती शर्ट. तिसऱ्या दिवसानंतरही लाली पसरतच गेली, पू आला, ताप चढला, तर मलमं बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.

माओरी शैलीत काळा भराव मोठा असतो, म्हणून एका दिवसात पूर्ण दंड मागू नका. तीन-चार तासांनंतर कातडी फुगते, रंग धरत नाही, आणि हट्टानं भरलं की बरं झाल्यावर ठिगळं दिसतात. राहिलेल्या फिक्या जागा सहा आठवड्यांनी पुन्हा भरतात. जुन्या जखमांचे वण फुगून वर आले असतील, म्हणजे केलॉइडची धात असेल, तर खांदा आणि छाती टाळा. वण तिथेच सर्वांत जास्त फुगतात.

सैन्यभरतीची तयारी करतोय. दंडावर टॅटू चालेल का? – एक वाचक, धुळे

दंडावर नाही. सैन्यभरतीत हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या पाठीवर, एवढंच कायमचं गोंदण चालतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र दलांत त्याहून कडक, डावा हातच चालतो आणि टॅटू त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान हवा. प्रत्येक भरतीची जाहिरात स्वतः वाचा. आधीच काढला असेल तर लेझरनं काळा रंग इतर रंगांपेक्षा सोपा जातो, पण सहा-आठ आठवड्यांच्या अंतरानं अनेक बैठका लागतात, भरीव कामाला वर्षाहून जास्त. सावळ्या कातडीवर पांढरे डाग राहू शकतात. मेडिकलच्या महिनाभर आधी धावाधाव करून उपयोग नाही.

माओरींची गोंदलेली मुंडकी युरोपातल्या संग्रहालयांत असतात, हे खरं का? – एक विद्यार्थी, नंदुरबार

खरं. 'तोई मोको' म्हणतात त्यांना. आधी ती पूर्वजांची आणि शत्रूंची जतन केलेली शिरं होती. १८२० च्या आसपास बंदुकांच्या बदल्यात युरोपीय व्यापाऱ्यांना विकली जाऊ लागली, आणि मागणी वाढल्यावर गुलामांचे चेहरे विकण्यासाठी गोंदून त्यांना मारण्यापर्यंत मजल गेली. १८३१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरनं हा व्यापार बंद केला. २००३ पासून न्यूझीलंडचं ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय ही शिरं परत आणतंय. फ्रान्सनं २०१२ मध्ये वीस परत केली.

आजीच्या हातावरचं गोंदण फिकट, हिरवट झालंय. ती म्हणते, "सोनं आठेच ऱ्हास, गोंदेल तेवढं संगे येस" (सोनं इथेच राहतं, गोंदलेलं तेवढं सोबत येतं). त्यावरून पुन्हा गडद करून घेता येईल का? – एक वाचक, चोपडा

आजीच्या हातावर पुन्हा सुई नको. उतारवयात कातडी कागदासारखी पातळ होते, मशीनची सुई सहज खोल जाते आणि शाई फुटते. त्यात साखर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मुळीच नको. हिरवट-निळं दिसतं ते काजळ विटलं म्हणून नव्हे. काळे कण कातडीच्या खालच्या थरात असतात, आणि वरच्या थरातून परतणाऱ्या उजेडात निळी छटा जास्त येते. कडा पुसट होतात, कारण शरीरातल्या पेशी ते कण गिळून हळूहळू इकडेतिकडे नेतात.

गोंदण तुमच्या हातावर हवं असेल तर नक्षी मात्र उतरवून घेता येते. सकाळच्या तिरप्या उजेडात आजीचा हात उशीवर ठेवा, शेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा. मग पारदर्शक प्लास्टिकचा कागद हातावर हलकेच गुंडाळून बारीक मार्करनं ठिपके गिरवा. पसरलेल्या डागाची कड गिरवायची नाही, त्याचा मध्य धरायचा, कारण मूळ सुई तिथे टोचली होती. तुळस, विंचू, भावाचं नाव, जे असेल ते कोणत्या यात्रेत, कोणाच्या हातचं, कितव्या वर्षी, हे आजीला विचारून त्याच कागदाच्या कडेला लिहा. टॅटूवाल्याकडे जाताना तो कागद आणि फोटो दोन्ही न्या, आणि ठिपक्यांच्या रेषा करू नको, ठिपकेच ठेव, असं त्याला बजावून सांगा.